चार नंबरची लेन

म्हसरूळच्या मैदानावर फक्की मी मारते.
आधी नवरा मारायचा. तो गेला तेव्हा
गाडा माझ्याकडे आला, सुतळीची गुंडी आली,
आणि साठ मीटरवरचा तो दगड आला,
चार नंबरच्या लेनमध्ये, मधोमध.
वर दिसायचा वाटीएवढा.
मी त्याच्याभोवती फक्कीचं कडं घालायचे,
पोरींना दिसावा म्हणून.

हर्षाली वाघेरे त्याच लेनमध्ये पळायला शिकली.
पेठेकडच्या पाड्यावरून आलेली, आत्याकडे राहायची,
आत्याची भांडी उरकून येईस्तोवर
चांगल्या लेन गेलेल्या असायच्या.
साठाव्या मीटरला डावा गुडघा जरा जास्त वर,
दगडावरून पाय पलीकडे, की पुन्हा सुसाट.
चंद्रात्रे सर ओरडायचे, "तिथे काय नाला आहे का गं?"
"दगड आहे, सर."
"काढू उद्या."
सहा वर्षं उद्या.

परवा रात्री वॉचमनच्या खोपटात
त्याच्या तडा गेलेल्या मोबाइलवर
आम्ही पाच जण डोकी लावून बसलो.
बाहेर चामरलेणीचा डोंगर ढगात गडप,
आणि तिकडे, त्या देशात, लख्ख ऊन.
ज्युनिअर मुली, शंभर मीटर, उपांत्य फेरी.
ती सात नंबरला. छातीवर देशाचं नाव,
केसांना आत्याची तीच काळी रिबीन.
शेजारची पोर केवढी उंच!
वॉचमन म्हणाला, "हिची सावलीच आधी पोचेल."
कुणी हसलं नाही.

बंदूक वाजली.
आवाज नंतर आला, आधी त्या पळाल्या,
नेट असंच असतं आमच्याकडे.
तीस मीटरला ती तिसरी. पन्नासला तिसरी.
मी पदराचं टोक तोंडात धरलं.
आणि साठाव्या मीटरला,
त्या निळ्या, गुळगुळीत, टाचणी पडली तरी दिसेल अशा ट्रॅकवर,
हर्षालीने डावा गुडघा
जरा जास्त वर उचलला.

तिथे काही नव्हतं.
बोलणारा बोलतच राहिला, त्याला काय कळणार.
चंद्रात्रे सरांनी चष्मा काढला.
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही,
मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

चौथी. तीन शतांश सेकंदांनी बाहेर.
तीन शतांश म्हणजे किती, मी विचारलं.
सर म्हणाले, "मावशी, तुमच्या चिमटीतून फक्की सुटते ना,
ती जमिनीला लागायच्या आत."

सगळे गेल्यावर पहार घेतली.
श्रावणातली माती, मऊ होती, वाटलं झटक्यात निघेल.
वीतभर खणलं, दगड रुंद झाला.
हातभर खणलं, तो अजून खाली जातच होता,
रांजणाएवढा, काळा, थंड, पोटाला पाझर फुटलेला.
जसा काही डोंगरच
तेवढं एक टोक वर काढून बघत होता
आमच्या पोरी कशा पळतात ते.
पहाटे दिंडोरी रोडवर भाजीचे टेम्पो सुरू झाले
तरी तो हलला नव्हता.
मग मी खड्ड्याच्या काठावर बसले
आणि नवऱ्याला चार शिव्या घातल्या.
मग स्वतःला.

सकाळी सर आले. खड्डा बघितला.
काही न बोलता बाही वर केली,
दुसरी पहार मागितली.

दुपारी हर्षालीचा फोन.
मला वाटलं रडेल. मीच रडायच्या बेतात होते.
ती म्हणाली, "मावशी, जेवलीस का?"
मग म्हणाली, इथला भात चिकट आहे,
शेजारच्या लेनवालीने तिला हेअरबँड दिला,
तिचं नाव काही केल्या जिभेवर बसत नाही.
धावण्याबद्दल एक अक्षर नाही.
दगडाबद्दल मीही नाही.
ठेवता ठेवता म्हणाली,
"इथल्या रेघा ना, रंगाच्या आहेत.
किती तुडवल्या तरी
बुटाला काहीच लागत नाही गं."

मी हात बघितले.
नखांत काळी माती,
आणि तिच्यात कुठे कुठे पांढरं.